दावा कोठे चालावा, हे कोणी ठरवावे?

बोदवड हे भुसावळ–नागपूर लोहमार्गावरील एक लहानसे स्थानक. भोवतालचा मुलूख कापसाचा. उत्तरेकडे रावेर, सावदा, निंभोरा ही केळीच्या मालगाड्यांमुळे दिल्लीपर्यंत ठाऊक झालेली स्थानके. अशा मुलखात रेल्वे ही केवळ प्रवासाची सोय नसते. ती बाजारपेठेची शीर असते. साहजिकच मालाच्या नुकसानीचे तंटेही येथे जुने आहेत. गठाणी भिजल्या, केळीचा डबा वाटेत अडकून माल कुजला, वजनात तूट आली, म्हणजे शेतकरी किंवा व्यापारी रेल्वेविरुद्ध नुकसानभरपाई मागे. रेल्वेने ती नाकारली तर माल जेथे चढविला, जेथे उतरावयाचा होता किंवा जेथे नुकसान झाले, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या दिवाणी न्यायालयात त्याला दावा लावता येई. बोदवड त्या काळी भुसावळ तालुक्यात होते. सकाळच्या गाडीने भुसावळच्या कोर्टात जावे आणि दिवेलागणीला घरी परतावे, एवढाच त्या न्यायाचा पल्ला होता.

८ नोव्हेंबर १९८९ रोजी हा पल्ला बदलला. रेल्वे दावे न्यायाधिकरणाचा १९८७ चा केंद्रीय कायदा त्या दिवसापासून प्रत्यक्ष अमलात आला. नवे दावे दिवाणी न्यायालयांच्या कक्षेतून गेलेच. शिवाय कायद्याच्या २४ व्या कलमान्वये न्यायालयांत प्रलंबित असलेले दावेही आपोआप न्यायाधिकरणाकडे वर्ग झाले. ह्या न्यायाधिकरणाची पीठे देशभर मिळून सुमारे वीस शहरांतच आहेत. महाराष्ट्रात ती मुंबई आणि नागपूर येथे आहेत. बोदवडहून मुंबई साडेचारशे किलोमीटरांहून अधिक आणि नागपूर साडेतीनशेहून अधिक. दावेदाराला कोणी विचारले नाही, त्याची संमती घेतली नाही. दावा त्याच्या हातून निघून दूरच्या शहरी गेला.

वरवर पाहता ही कारभाराची एक किरकोळ फेररचना वाटते. परंतु न्यायालय कोठे भरते हा प्रश्न किरकोळ नाही. तो न्याय कोणाला परवडतो ह्याचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो समाजवादी राजकारणाचाही प्रश्न आहे.

अमेरिकेप्रमाणे भारतात राज्यांची न्यायालये निराळी आणि संघाची निराळी अशी दुहेरी व्यवस्था नाही. येथे न्यायव्यवस्था एकच. तालुक्याचे न्यायालय राज्याचे कायदेही लावते आणि केंद्राचेही. घटनाकारांनी हे जाणूनबुजून केले. मात्र उच्च न्यायालयाखालील न्यायालयांची रचना हा विषय त्यांनी राज्यांच्या सूचीत ठेवला होता. आणीबाणीत, १९७६ साली, ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत आणला. त्याच दुरुस्तीने न्यायाधिकरणांसाठी ३२३ अ आणि ३२३ ब ही कलमे घटनेत आली, आणि उच्च न्यायालयांतील प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाकडे काढून घेण्याचा अधिकार देणारे १३९ अ हे कलमही आले. केंद्रीय कायद्यांची घटनात्मकता तपासण्याचा उच्च न्यायालयांचा अधिकारही तेव्हा काढून घेण्यात आला होता; जनता राजवटीतील ४३ व्या दुरुस्तीने तो परत मिळाला. आणीबाणीतील अत्याचारांवर पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच झाले. परंतु न्यायदानाचे केंद्रीकरण करणाऱ्या ज्या तरतुदी आणीबाणीनंतरही राहून गेल्या, त्यांच्याकडे चळवळीचे पुरेसे लक्ष गेले नाही. विसंगती अशी की, समान न्याय आणि मोफत कायदेविषयक साहाय्य यांची ग्वाही देणारे ३९ अ हे कलमही ह्याच ४२ व्या दुरुस्तीतून आले. एका हाताने गरिबाला न्यायाचे वचन दिले गेले आणि दुसऱ्या हाताने न्यायालय त्याच्यापासून दूर नेण्याचा मार्ग मोकळा झाला.

न्यायाधिकरणांच्या बाजूने जी कारणे दिली जातात ती निव्वळ सबबी नाहीत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. दिवाणी न्यायालयांत दावे वर्षानुवर्षे रेंगाळत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या गुंतागुंतीत सामान्य पक्षकार हरवून जाई. एकाच प्रकारचे तंटे एकाच तज्ज्ञ मंडळाने ऐकले तर निकाल लवकर लागतील, खर्च कमी होईल, निर्णयांत एकसूत्रीपणा येईल, अशी अपेक्षा होती. तिच्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, वाचलेला खर्च कोणाचा आणि वाढलेला खर्च कोणाचा?

एक साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, बोदवडच्या एखाद्या शेतकऱ्याचा रेल्वेवर तीस हजार रुपयांचा दावा आहे. पुरावा, साक्ष आणि कागदपत्रांसाठी त्याला सहा तारखांना जातीने हजर राहावे लागले. न्यायालय भुसावळला असेल तर एका तारखेचा खर्च फार तर तीनशे रुपये, म्हणजे सहा तारखांचे अठराशे. वकिलाचे दहा हजार धरले तरी दावा जिंकल्यावर अठरा हजार दोनशे रुपये त्याच्या हाती उरतात. तोच दावा दूरच्या शहरी गेला की जाण्याचा दिवस, तारखेचा दिवस, परतीचा दिवस, गाडीभाडे, मुक्काम आणि बुडालेली मजुरी मिळून एका तारखेला अडीच हजार रुपये सहज लागतात. सहा तारखांचे पंधरा हजार आणि वकिलाचे दहा हजार वजा जाता उरतात पाच हजार. म्हणजे रेल्वेच्या अधिकाऱ्याने त्याला सहा हजारांत तडजोड देऊ केली तर ती स्वीकारणे हाच त्याच्या दृष्टीने शहाणपणा ठरतो. त्याचा हक्क तीस हजारांचाच आहे; कायद्याने त्यातला एक पैसाही कमी केलेला नाही. परंतु न्यायालय हलविल्यामुळे त्या हक्काचे बाजारमूल्य तेरा हजारांहून अधिक रुपयांनी उतरले. अर्थशास्त्राच्या भाषेत हा एक करच आहे. तो कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही, आणि त्याचा लाभ सरकारी तिजोरीला नव्हे, तर प्रतिवादीला होतो.

ह्या प्रकरणात तर प्रतिवादी म्हणजे केंद्र सरकारचीच रेल्वे. कायदा करणारी संसद केंद्राची, नुकसानभरपाई देणारे खाते केंद्राचे, आणि ज्या मंत्रालयाविरुद्ध दाद मागावयाची तेच न्यायाधिकरणाचे पालक मंत्रालय. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या एल. चंद्रकुमार खटल्यात उच्च न्यायालयांचा देखरेखीचा अधिकार अबाधित असल्याचा निर्वाळा दिला, आणि सर्व न्यायाधिकरणे एका स्वतंत्र यंत्रणेच्या, शक्यतो विधी मंत्रालयाच्या, देखरेखीखाली असावीत असेही सुचविले. परंतु अपील कोठे करावयाचे? न्यायाधिकरणाचे पीठ ज्या ठिकाणी आहे तेथील उच्च न्यायालयात. जळगाव, धुळ्याच्या लोकांसाठी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. रेल्वेच्या दाव्यात मात्र त्या खंडपीठाचा मार्ग बंद होतो. मूळ दावा दूर गेला की अपीलही त्याच्यामागून दूर जाते.

मालाचा प्रश्न बाजूला ठेवून माणसांचा विचार केला तर हे अधिकच बोचते. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात माहेजी आणि परधाडे या स्थानकांच्या दरम्यान पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याच्या अफवेने प्रवाशांनी खाली उड्या घेतल्या आणि शेजारच्या मार्गावरून येणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसखाली किमान बारा जण चिरडले गेले. मृतांत पोटासाठी मुंबईकडे निघालेले मजूर होते. काही नेपाळचे होते. रेल्वेतील अशा मृत्यूसाठी २०१७ पासून आठ लाख रुपयांची भरपाई ठरलेली आहे. परंतु ठरलेली भरपाई आणि हाती पडलेली भरपाई यांच्यामध्ये वारसाचा दाखला, तिकिटाचा पुरावा, वकील आणि तारखा यांचा मोठा पट्टा पसरलेला असतो. तो पट्टा ओलांडण्याची ताकद कमावत्या माणसाला गमावलेल्या घरात कितीशी उरते?

रेल्वेच्या वाटेने पुढे बँका गेल्या. १९९३ च्या कायद्याने कर्जवसुली न्यायाधिकरणे स्थापन झाली आणि दहा लाखांवरील वसुलीचे दावे, प्रलंबित दाव्यांसह, दिवाणी न्यायालयांतून तिकडे गेले. २०१८ मध्ये ही मर्यादा वीस लाख झाली. मोठ्या थकबाकीदार उद्योगपतींना चाप बसावा हा उद्देश असेल तर कोणाही समाजवाद्याने त्याचे स्वागतच करावे. परंतु २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला न्यायालयात न जाताच तारणाचा ताबा घेण्याची मुभा दिली आणि दिवाणी न्यायालयाचे दार कर्जदारासाठी बंद केले. शेतजमीन ह्या कायद्यातून वगळली आहे. लहान जिनिंग कारखाना, दुकान, राहते घर वगळलेले नाही. येथील विषमता पाहण्यासारखी आहे. ताबा घेण्यासाठी मदत हवी असेल तर बँकेने जायचे जळगावला, जिल्हाधिकाऱ्याकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे. त्या ताब्याविरुद्ध दाद मागावयाची असेल तर कर्जदाराने जायचे दीडशे किलोमीटरांच्या आसपास असलेल्या संभाजीनगरच्या न्यायाधिकरणाकडे. वीस लाखांखालील कर्जाच्या वसुलीचा दावा बँक स्थानिक न्यायालयात लावू शकते. परंतु पाच लाखांच्या कर्जापायी घर जात असेल तर घरमालकाला स्थानिक न्यायालय नाही. पुढे मुंबईला अपील करावयाचे तर कर्जदाराने आधी कर्जाच्या निम्मी, सवलत मिळाली तरी निदान पाव रक्कम भरावी लागते. ज्याच्याजवळ ती रक्कम असेल त्याचे घर जप्त होईलच कशाला?

सहकाराचे क्षेत्र जळगाव जिल्ह्याच्या अधिक जिव्हाळ्याचे. महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याखालील पतसंस्थेशी सभासदाचा वाद झाला तर ९१ व्या कलमान्वये तो राज्याच्या सहकार न्यायालयात जातो. तीच संस्था बहुराज्य झाली की तिला २००२ चा केंद्रीय कायदा लागू होतो. वाद लवादाकडे जातो, आणि लवाद नेमण्याचा अधिकार दिल्लीतील केंद्रीय निबंधकाकडे असतो. ठेवीदार तोच, ठेव तीच, शाखा त्याच पेठेत. केवळ संस्थेची नोंदणी बदलली आणि ठेवीदाराचा तंटा राज्याबाहेर गेला. जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट सोसायटीच्या ठेवीदारांनी ह्याचा अनुभव घेतला. संस्था कोलमडल्यावर केंद्रीय निबंधकाने अवसायक नेमला. आणि २०२० साली अवसायनाच्या कारभाराविषयीच तक्रारी होऊन पुणे पोलिसांना जळगावात छापे घालावे लागले. निवृत्तीची पुंजी ठेवलेल्या वृद्धांनी जळगाव, पुणे आणि दिल्ली यांपैकी कोणत्या दारी उभे राहावे?

बलवान प्रतिवादीने दावा आपल्या सोयीच्या न्यायालयात ओढून नेणे, ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत १७८९ च्या न्यायव्यवस्थेच्या कायद्यापासूनच परराज्यातील प्रतिवादीला दावा राज्याच्या न्यायालयातून संघीय न्यायालयात काढून नेता येतो. स्थानिक पंचांच्या पूर्वग्रहापासून परक्या माणसाला संरक्षण मिळावे हा त्यामागचा हेतू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र त्याचा लाभ उठविला तो रेल्वे आणि विमा कंपन्यांनी. रुळांवर हात-पाय गमावलेला कामगार जवळच्या न्यायालयात दावा लावी. कंपनी तो दूरच्या संघीय न्यायालयात नेई. तेथील खर्च आणि विलंब टाळण्यासाठी कामगार आपला दावाच संघीय मर्यादेच्या खाली उतरवून घेत. ही मर्यादा १८८७ नंतर दोन हजार डॉलरची होती. अधिक रकमेचा हक्क असूनही त्याहून कमी मागावे लागे, ते केवळ न्यायालय जवळ राहावे म्हणून. बोदवडच्या शेतकऱ्याचा हिशेब आणि त्या कामगाराचा हिशेब एकच आहे. अमेरिकन कामगारांच्या पदरात अखेर काय पडले तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. रेल्वे कामगारांच्या भरपाईसाठी १९०८ मध्ये संघीय कायदा झाला आणि १९१० च्या दुरुस्तीने त्यात स्पष्ट तरतूद आली की, कामगाराने राज्याच्या न्यायालयात लावलेला दावा कंपनीला तेथून हलविता येणार नाही. कायदा संघाचा, पण न्यायालयाची निवड कामगाराची.

भारतात ह्या प्रश्नाचे सर्वांत दारुण उदाहरण भोपाळचे. १९८४ च्या वायुकांडानंतर १९८५ च्या कायद्याने पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. न्यूयॉर्कच्या न्यायाधीशाने १९८६ मध्ये हे दावे भारतात चालावेत असे सांगून ते काढून टाकले. भोपाळच्या जिल्हा न्यायालयाने डिसेंबर १९८७ मध्ये साडेतीनशे कोटी रुपयांची अंतरिम मदत ठरविली. उच्च न्यायालयाने ती अडीचशे कोटींवर आणली. सर्वोच्च न्यायालयापुढे वाद होता तो ह्या अंतरिम रकमेचा. तेथे १४ फेब्रुवारी १९८९ रोजी ४७ कोटी डॉलरच्या तडजोडीने अख्खा दावाच मिटविण्यात आला. पीडितांचे म्हणणे आधी ऐकले गेले नाही. दावा जितका वर गेला तितका तो पीडितांपासून दूर गेला.

ह्यावरून दाव्यांचे प्रत्येक स्थलांतर अन्यायकारकच असते असा निष्कर्ष कोणी काढू नये. स्थानिक सत्ता कधी कधी सर्वांत क्रूर असते, हे जातीय अत्याचारांचे खटले पाहिलेल्या कार्यकर्त्याला सांगावयास नको. अमेरिकेत १८६६ च्या नागरी हक्कांच्या कायद्याने गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांना राज्याच्या वैरी न्यायालयातून संघीय न्यायालयात जाण्याचा मार्ग दिला, तो योग्यच होता. गुजरातेतील बेस्ट बेकरीचा आणि बिल्किस बानो यांचा, हे दोन्ही खटले सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली महाराष्ट्रात हलविले. बिल्किस बानो यांच्या खटल्यात २००८ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने आरोपींना दोषी ठरविले. खटले गुजरातेतच राहिले असते तर न्यायाची आशा कितपत होती?

म्हणून कसोटी केंद्र की राज्य ही नव्हे, आणि जवळ की दूर ही देखील नव्हे. स्थलांतर कोणाच्या मागणीवरून आणि कोणाच्या सोयीसाठी होते, ही खरी कसोटी. दुर्बलाने भयमुक्त न्यायासाठी मागितलेले स्थलांतर हा त्याचा हक्क आहे. बलवानाने, मग तो भांडवलदार असो, बँक असो वा खुद्द सरकार असो, आपल्या सोयीसाठी केलेले स्थलांतर ही दुर्बलाच्या हक्काची कपात आहे.

हे तत्त्व भारतीय कायद्याला अपरिचित नाही. मोटार अपघाताच्या भरपाईचा अर्ज अपघाताच्या ठिकाणी, प्रतिवादीच्या ठिकाणी किंवा अर्जदार राहतो त्या ठिकाणी करता येतो; ही निवड १९९४ च्या दुरुस्तीने अर्जदाराला दिली. ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली. ट्रकखाली सापडलेल्या माणसाच्या विधवेला आपल्या जिल्ह्यात दाद मागता येते, तर रेल्वेखाली सापडलेल्याच्या विधवेला का येऊ नये, ह्याचे उत्तर कोणत्याही सरकारने दिलेले नाही. अर्ज संगणकावरून भरता येतात आणि सुनावणी पडद्यावर होऊ शकते, असे हल्ली सांगितले जाते. ह्या सोयी स्वागतार्ह आहेत. पण ज्याला फिर्याद लिहून घेण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्यासाठी त्या जवळच्या न्यायालयाची जागा घेऊ शकत नाहीत.

तेव्हा मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. रेल्वेच्या दाव्यांत मृताच्या वारसाला, जखमीला आणि लहान मालधन्याला आपल्या जिल्हा न्यायालयात जाण्याचा पर्याय असावा आणि न्यायाधिकरणाच्या पीठांनी जिल्ह्याच्या ठिकाणी ठराविक काळाने बैठका घ्याव्यात. बँकेला वीस लाखांखाली जे स्थानिक न्यायालय उपलब्ध आहे, तेच तारणाच्या ताब्याविरुद्ध कर्जदारालाही उपलब्ध असावे. बहुराज्य संस्थेच्या ठेवीदाराचा वाद त्याच्या शाखेच्या जिल्ह्यातच चालावा. आणि ह्यापुढे न्यायालयाची कक्षा काढून घेणाऱ्या प्रत्येक कायद्यात दुर्बल पक्षकाराची निवड शाबूत ठेवणारे कलम असावे.

ह्या मागण्या निवेदनांनी पुऱ्या होणार नाहीत. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, त्यामागे वकिलांचे आणि जनतेचे अनेक दशकांचे आंदोलन होते. खानदेशातील कार्यकर्त्यांनीही आरंभ गावापासून करावा. आपल्या तालुक्यात रेल्वेचे, बँकेचे, पतसंस्थेचे किती दावे दूरच्या तारखांना कंटाळून सोडून दिले गेले किंवा कवडीमोलाने मिटविले गेले, ह्याची नोंद प्रत्येक शाखेने करावी; अशी नोंद कोणतेही खाते आपण होऊन करणार नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि तो न्यायाधिकरणापुढेही मिळतो, ही माहिती घरोघरी पोचवावी. जमीन कसणाराची, गिरणी कामगाराची, तसे न्यायालय दाद मागणाराचे, ही घोषणा अजून कोणी दिलेली नाही. ती देण्याचे काम समाजवाद्यांचे आहे, आणि बोदवडच्या फलाटावरून ते सुरू व्हावयास कोणतीच अडचण नाही.